पायाची अँजिओप्लास्टी किती वर्षं टिकते? आधी सांगा, पायाला जखम आहे की नाही

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. बाबा ६८ वर्षांचे, शुगर वीस वर्षं, उजव्या अंगठ्याला चपलेचा पट्टा घासून जखम झाली ती दोन महिने झाले भरत नाही, आता टोक काळं पडायला लागलंय. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीत, गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले. एक डॉक्टर म्हणाले अँजिओप्लास्टी करा (वाहिनीत फुगा फुगवून ब्लॉक उघडायचा), दुसरे म्हणाले बायपास (शिर जोडून रक्ताला ब्लॉकच्या बाजूने नवी वाट द्यायची), तिसरे म्हणाले अंगठा काढून टाका मग बघू. बाबा म्हणतात मी पायाला हातच लावू देणार नाही. आणि ताईंचा शेवटचा प्रश्न असा की स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घातला तर किती वर्षं टिकेल, परत ब्लॉक होणारच असेल तर एवढा खर्च कशाला.

मी या कामात वीसेक वर्षं आहे, बायपासही करतो आणि फुगाही मारतो, त्यामुळे कुठल्या एका बाजूची वकिली करायचं मला कारण नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

गुडघ्याखाली नुसत्या फुग्याने उघडलेली रक्तवाहिनी अर्ध्याहून जास्त लोकांमध्ये वर्षभरात परत अरुंद होते, काहींची तर तीन-चार महिन्यांतच. हे मी पेशंटला लपवत नाही. ऐकल्यावर घरचे एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी म्हणतंच, मग करायचं कशाला? तर त्याचं असं आहे की जखम भरून यायला जेवढं रक्त लागतं तेवढं भरलेली कातडी राखायला लागत नाही, कितीतरी कमी लागतं. कुळागरवाल्यांना, म्हणजे माड-पोफळीच्या बागायतदारांना, हे पटकन कळतं, माडाचं रोप लावल्यावर पहिलं वर्ष-दोन वर्षं पाणी चुकवून चालत नाही, एकदा मूळ धरलं की एखाद्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी माड उभा राहतो. तसंच. फुगा आपल्याला काही महिन्यांचं जास्तीचं पाणी देतो, त्या महिन्यांत जखम बंद झाली पाहिजे. बंद झाली आणि नंतर ती वाहिनी परत अरुंद झाली तरी बरेचदा पायाला काही होत नाही, पेशंटला पत्ताही लागत नाही. म्हणून जखम असलेल्या माणसाने "किती वर्षं टिकेल" असं विचारण्यापेक्षा "उघडी आहे तोवर जखम भरेल ना" असं विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर फक्त माझ्या हातात नसतं, अर्धं तुमच्या घरात असतं.

ज्याला जखम नाही, फक्त चालताना पोटरीत गोळा येतो, पाच मिनिटं थांबलं की जातो, त्याची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याच्यासाठी "किती वर्षं" हा प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्यासाठी पहिला उपाय अँजिओप्लास्टी नाहीच. सिगारेट-विडी बंद, गोळ्या, आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, तीन महिने. मिरामारच्या पुळणीवर नाही हो, सपाट रस्त्यावर, बूट घालून. यातल्या बऱ्याच लोकांचं चालायचं अंतर वाढतं. या गटातल्या फार कमी लोकांचा पाय कधी जातो, पाच वर्षांत शंभरातले दोन-चार धरा, त्यांना खरी भीती पायाची नसून हार्ट अटॅकची असते. आणि मला राग येतो तो इथेच, की नुसत्या डॉपलरचा रिपोर्ट बघून, काही जखम नाही, माणूस दीड किलोमीटर आरामात चालतोय, आणि त्याला "पाय जाईल" म्हणून घाबरवून कॅथलॅबमध्ये टेबलावर झोपवतात. गुडघ्याखालच्या वाहिन्यांमध्ये तर नुसत्या चालताना दुखतं म्हणून शिरूच नये.

आता वाहिनी कुठली, यावर टिकणं अवलंबून असतं. पोटातून जांघेकडे येणाऱ्या ज्या मोठ्या वाहिन्या आहेत, आठ-दहा मिलिमीटर जाड, तिथे स्टेंट उत्तम चालतो, पाच वर्षांनीही दहातले आठ तरी उघडे असतात, तिथे मी आता बायपासचा विचार क्वचितच करतो. मांडीतली वाहिनी हा त्रासदायक प्रकार. लांब आहे, दोन सांध्यांच्या मधे आहे, आपण चालतो, उकिडवे बसतो, देवळात भजनाला दोन तास मांडी घालून बसतो तेव्हा ती वाकते, पिळते, दाबली जाते. तिथे जे स्टेंट घालतात ते निकेल आणि टायटॅनियमच्या धातूचे, दाबले तरी परत आकार घेणारे, तरीसुद्धा काही वर्षांनी तुटलेले दिसतात. नुसत्या फुग्यापेक्षा स्टेंट बरा, लांब ब्लॉकला तर नक्कीच, पण तो आत गेला की कायमचा पाहुणा आहे हे लक्षात ठेवायचं. आणि गुडघ्याखाली तीन बारीक वाहिन्या, दोन-तीन मिलिमीटरच्या, शेवयांसारख्या. तिथे साधा धातूचा स्टेंट आपण शक्यतो घालतच नाही, फुगाच फुगवतो, दोन-तीन मिनिटं धरून ठेवतो आणि सोडतो. तेव्हा ताई, तुमच्या बाबांना बहुतेक स्टेंट बसणारच नाही. "स्टेंट घातला नाही म्हणजे अर्धवट काम केलं" असं पुष्कळ लोकांना वाटतं, तसं नाहीये. आता गुडघ्याखालीही विरघळणारा, औषध लावलेला एक स्टेंट आलाय, २०२३ मध्ये त्याची चाचणी छापून आली, २६१ पेशंट होते, साध्या फुग्यापेक्षा चांगला निघाला, २०२४ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. पण त्या चाचणीत छोटे ब्लॉक होते. आपल्याकडचे शुगरवाले येतात ते गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सगळं बंद असलेले आणि वर चुन्याने कडक झालेले, नुसत्या एक्स-रेमध्ये वाहिनी दोन रुळांसारखी दिसते, त्यामुळे लगेच आनंदाने उड्या मारायचं कारण नाही.

औषधी फुग्याबद्दल लोक विचारतात, त्याची एक वेगळी कहाणी आहे. पॅक्लिटॅक्सेल नावाचं कॅन्सरचं औषध फुग्याला लावतात, ते भिंतीत मुरतं आणि आतली पेशींची वाढ रोखतं, त्यामुळे मांडीतली वाहिनी जास्त दिवस उघडी राहते. डिसेंबर २०१८ मध्ये एक मोठं विश्लेषण आलं की हे फुगे वापरलेल्या लोकांत दोन वर्षांनंतर आणि पाच वर्षांनंतर मृत्यू जास्त दिसतायत. एकदम खळबळ. आम्ही सगळ्यांनी हात आखडता घेतला, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रक संस्थेने, इशारा दिला, पेशंट फोन करून विचारायला लागले की माझ्या पायात ते विष आहे का. मग स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीत मृत्यूत फरक दिसला नाही, जुन्या चाचण्यांमधले संपर्क तुटलेले पेशंट शोधून आकडे परत लावले तेव्हा तो फरक विरघळला, आणि जुलै २०२३ मध्ये एफडीएने तो इशारा मागे घेतला. म्हणजे साडेचार वर्षं एका आकड्यापायी गेली. मी मांडीच्या वाहिनीला परत वापरतो, गुडघ्याखाली फारसा नाही, कारण तिथे त्याचा फायदा असा ठामपणे कधी दिसलाच नाही.

बायपास की फुगा, हा दुसऱ्या डॉक्टरांचा मुद्दा. ते चुकीचं सांगत नाहीयेत. २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय नावाची चाचणी आली, १८३० पेशंट, सगळ्यांच्या पायाला जखम किंवा रात्री झोपू न देणारं दुखणं. ज्यांच्या पायातली स्वतःची लांब शिर चांगली होती, म्हणजे घोट्यापासून जांघेपर्यंत आतल्या बाजूने जाणारी सॅफेनस, त्यांच्यात बायपास सरस ठरला. मोठं ऑपरेशन परत करावं लागणं, पाय जाणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून बायपासमध्ये ४२.६ टक्के आणि फुग्यात ५७.४ टक्के. बघा, जिंकलेल्या बाजूलाही ४२ टक्के आहेत, हा आजार इतका वाईट आहे. ज्यांची शिर चांगली नव्हती त्यांच्यात मात्र दोन्हीत म्हणावा तसा फरक नव्हता. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, ब्रिटनमधून बेसिल-२ आली, ३४५ पेशंट, सगळे गुडघ्याखालचे ब्लॉकवाले, आणि त्यात निकाल उलटा. पाय गेला किंवा माणूस गेला असे बायपासमध्ये ६३ टक्के आणि फुग्यात ५३ टक्के, आणि तो फरक मुख्यतः मृत्यूंमुळे पडला.

मग खरं कुठलं? दोन्ही. पेशंट वेगळे, मोजलेल्या गोष्टी वेगळ्या. एकीत दुसऱ्यांदा मोठं ऑपरेशन लागलं की ते मोजलं, दुसरीत पाय आणि जीव एवढंच मोजलं. मी त्यातून माझ्यापुरतं असं काढलंय की माणूस दणकट असेल, हृदय बरं असेल, शिर जाड आणि सलग असेल, ब्लॉक मांडीपासून खालपर्यंत लांबच लांब असेल आणि खाली जोडायला एक चांगली वाहिनी असेल तर मी बायपास सुचवतो आणि त्याची बाजू जोरात मांडतो. माणूस खंगलेला, हृदयाचं पंपिंग कमी, किडनी आधीच कमकुवत, शिर हार्टच्या बायपास सर्जरीत वापरून झालेली, तर फुगा. मधल्यांसाठी बसून बोलायचं. पण हे ठरवण्याआधी शिरेची सोनोग्राफी झालीच पाहिजे, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि मी शपथेवर सांगतो दहातल्या सहा-सात फाइल्समध्ये ती केलेलीच नसते. शिर आहे की नाही हे न बघता "बायपास नको" किंवा "बायपासच" म्हणणं म्हणजे विहिरीत डोकावून न बघताच पंप घ्यायला जाणं.

मीही सुरुवातीच्या वर्षांत चुका केल्यात. एक पेडण्याचे गृहस्थ होते, साठीचे, मांडीतला लांब ब्लॉक, स्टेंट छान बसत गेला, एक बसला, दुसरा बसला, शेवटी अजून थोडं खाली गुडघ्याच्या सांध्यामागेही बसवला, स्क्रीनवर चित्र इतकं सुंदर दिसलं की मी नर्सला बोलावून दाखवलं. आठ महिन्यांनी तो गुडघ्याजवळ मोडला आणि गच्च बंद झाला. आणि जिथे मी बायपास जोडला असता ती जागा आता धातूने भरलेली. मग बायपास अजून खाली, बारीक वाहिनीला जोडावा लागला. पाय वाचला, पण ते चित्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून फुगा मारतानाही डोक्यात एक प्रश्न ठेवतो, की उद्या हे फसलं तर पुढची वाट मी बंद तर करत नाहीये ना.

तिसऱ्या डॉक्टरांचं, अंगठा आधी कापून टाका. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे आणि क्रम जखमेवर ठरतो. पू असेल, पाऊल सुजलेलं लाल, वास येतोय, ताप, शुगर एकदम चारशे-पाचशे, तर आधी पू काढायचा, त्याच दिवशी, रक्तपुरवठा नंतर एक-दोन दिवसांत. पण कोरडं काळं टोक असेल, वास नाही, ताप नाही, तर आधी रक्त पोचवायचं आणि मग मेलेला भाग काढायचा. उलटं केलं तर काय होतं, अंगठा कापलेली जागा म्हणजे एक नवीन, मोठी जखम, तिला रक्त नाही, ती काळी पडते, मग चवडा कापा, मग गुडघ्याखाली. "थोडं थोडं वर कापत नेलं" ही गोष्ट मी सत्तरी तालुक्यातून आणि फोंड्यातून इतक्या वेळा ऐकलीय. बाबांचं टोक कोरडं आहे की ओलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते आजच बघा. हळद किंवा कसला पाला चेपून ठेवला असेल तर तो धुऊन टाका आणि बघा. आणि कृपा करून गरम पाण्याचा शेक देऊ नका, शुगरने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, पाऊल भाजून आलेले पेशंट मी दर पावसाळ्यात बघतो.

ही सगळी पद्धत सुरू झाली तीच अशा एका पायापासून. १६ जानेवारी १९६४, अमेरिकेत पोर्टलंडला, ८२ वर्षांच्या एक आजी, पाऊल काळं पडत चाललेलं, सर्जन म्हणाले कापा, आजी म्हणाल्या नाही कापू देणार. तेव्हा चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने मांडीतल्या वाहिनीचा अरुंद भाग एकात एक बसणाऱ्या नळ्या घालून रुंद केला, फुगा तेव्हा नव्हताच. पाऊल वाचलं. आजी त्यानंतर अडीचेक वर्षं जगल्या, आपल्या पायांवर. फुगा आणला ग्रुंटझिगने, झुरिकमध्ये, १९७४ ला, आणि गंमत म्हणजे तोही आधी पायातच, हृदयात १९७७ ला. लोकांना वाटतं हार्टची अँजिओप्लास्टी पायात आणली, खरं उलटं आहे. तुमच्या बाबांना ही आजींची गोष्ट सांगा, कापू देणार नाही म्हणणारे ते पहिले नाहीत. माझा वाळपईचा एक पेशंट टेबलावर झोपेपर्यंत एकच वाक्य म्हणत होता, "दोतोर, पांय कापूंक दिवचो ना", मी म्हटलं अरे बाबा मी तेच करायला आलोय.

प्रत्यक्ष दिवशी काय होतं ते सांगतो म्हणजे भीती जाईल. भूल पूर्ण नसते, जांघेत इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, सुईने दोन मिलिमीटरची नळी आत, रक्त पातळ करायला हेपॅरिन, मग केसासारखी वायर ब्लॉकमधून पुढे ढकलायची. हीच खरी कसरत, कधी पंधरा मिनिटं, कधी दोन तास. वरून वायर जात नसेल तर घोट्याजवळ किंवा पावलावर सुई घालून खालून वर जातो. कधी वायर मधून न जाता भिंतीच्या थरातून जाते आणि पुढे परत आत उतरते, तेही चालतं. फुगा फुगवताना पायात कळ येते, फुगा सोडला की जाते. वायर पार जात नाही असेही लोक असतात, दहातले एक-दोन तरी, आणि ते आधी सांगितलेलं बरं. नंतर पाच-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी घरी.

धोके आहेत. जांघेत रक्त साठून गाठ होणं हा सगळ्यात नेहमीचा, बहुतेकदा आपोआप जिरतो. घरी गेल्यावर जांघेत धडधडणारी गाठ लागली किंवा त्या रात्री कंबरेत-पोटात दुखून चक्कर आली, घाम फुटला तर ते साधं समजू नका, आत रक्तस्राव असू शकतो, लगेच हॉस्पिटल. चित्र दिसायला वाहिनीत जो डाय सोडतात त्यामुळे किडनीवर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्त तपासणी, आधी बघायचं, वाढलेलं असेल तर डाय कमी वापरतो किंवा कार्बन डायऑक्साइड वायू सोडून चित्रं घेतो, खाली बारीक वाहिन्यांत ती तेवढी स्वच्छ येत नाहीत पण काम भागतं. गुठळीचा तुकडा खाली जाऊन अडकू शकतो. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, काम चांगलं झालं तर पाऊल आठवडा-दोन आठवडे सुजतं, गरम लागतं, कधी आधीपेक्षा जास्त ठणकतं. घाबरून फोन येतात की बिघडलं. ते रक्त पोचल्याचं लक्षण असतं, पण लाली वर चढत असेल किंवा ताप असेल तर दाखवाच.

आता घरातलं अर्धं काम. सत्तरी तालुक्यातले एक बागायतदार होते, दोन वाहिन्या उघडल्या, पावलापर्यंत सरळ रक्त, घोट्याची नाडी हाताला लागत होती. महिन्याने जखम तेवढीच. मुलगा म्हणाला रोज ड्रेसिंग करतो, शुगर ठीक आहे. मग कळलं काका पहाटे उठून, कोणी बघायच्या आत, कुळागरात पाटाचं पाणी सोडायला जातात, रबरी चपला घालून. रोज दोन तास त्याच जखमेवर उभं राहायचं, जखम भरणार कशी? पायावरचा भार काढणं हे औषधापेक्षा मोठं. खास बूट, फेल्टचे तुकडे, प्लास्टर, काहीही, पण ती जागा जमिनीला टेकता कामा नये. काकांना शेवटी त्यांच्या नातीने दम दिला, आम्हा डॉक्टरांचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. अडीच महिन्यांत जखम बंद. वर्षाने डॉपलर केलं तर दोनातली एक वाहिनी बंद झालेली, काकांना पत्ता नाही, आम्ही काहीही केलं नाही. मी जे वर माडाचं म्हटलं ते त्यांच्याचकडून उचललंय.

गोळ्यांचं थोडक्यात, कारण डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन कायमची, कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. आणि २०२० मध्ये व्हॉयेजर नावाच्या ६५६४ पेशंटच्या चाचणीत ॲस्पिरिनसोबत रिव्हारॉक्साबान हे रक्त पातळ करणारं औषध २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यावर पाय, हार्ट, ब्रेन यांचे मोठे प्रसंग तीन वर्षांत १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आले, रक्तस्राव थोडा वाढला, त्यामुळे ज्याला अल्सर आहे किंवा वय फार आहे त्याला मी देत नाही. जखम भरली म्हणून गोळ्या बंद करणारे लोक इतके आहेत की विचारू नका. या आजाराच्या लोकांना पायापेक्षा हृदय जास्त मारतं, जखमेच्या टप्प्यावर आलेल्यांत वर्षभरात पाचातला एक तरी जातो, हे ऐकायला कठोर आहे पण तुमच्या बाबांचा ईसीजी आणि टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) पायाच्या आधी झालाच पाहिजे.

तरुण मुलांचा एक वेगळा प्रकार आहे तो इथे मिसळू नका. पस्तिशी-चाळिशीचा, शुगर नाही, विडी-सिगारेट किंवा तंबाखू, बोटं काळी पडतात, हाताचीसुद्धा. बर्जर म्हणतात त्याला, १९०८ मध्ये लिओ बर्जरने त्याचं वर्णन केलं. तिथे फुग्याचा निकाल बेभरवशाचा, बायपासला खाली जोडायला वाहिनीच उरत नाही, आणि एकच औषध खरं चालतं, तंबाखू पूर्ण बंद. कमी नाही, बंद. एक ट्रकवाला होता माझा, बोटं दोन गेली, मग सोडली, गेली नऊ वर्षं एकही बोट गेलं नाही.

आणि पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर, हलवता येत नाही, असं तासाभरात झालं तर ते हे नव्हे, ती इमर्जन्सी. सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतो. सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात यायलाच तास-दीड तास जातो, त्यामुळे सकाळी बघू असं म्हणायचं नाही, १०८ लावायची.

आपल्या गोव्यात हे सगळं जास्त का दिसतं, तर आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेहात गोवा पहिला होता, २६.४ टक्के, म्हणजे चारात एक. त्यात पावसात ओले पाय, देवळात दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं, आणि "चवथ (गणेश चतुर्थी) झाली की येतो". चवथीच्या आधीच्या महिन्यात माझी ओपीडी रिकामी असते आणि नंतरच्या आठवड्यात काळ्या बोटांची रांग लागते.

खर्चाचं म्हणाल तर दीनदयाळचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं, कार्ड असेल तर ते घेऊन जा, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांची मर्यादा आहे, तुमच्या बाबांची प्रोसिजर त्यात कशी बसते ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधीच विचारून घ्या, टेबलावर जायच्या दिवशी नको.

तर ताई, या आठवड्यात एवढं करा. पायाच्या अंगठ्याचं रक्ताचं प्रेशर मोजून घ्या, घोट्याचं नको, शुगरवाल्यांच्या वाहिन्या चुन्याने कडक झालेल्या असतात त्यामुळे घोट्याचा आकडा खोटा चांगला येतो, घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं प्रेशर हे १.४ च्या वर आलं तर ते चांगलं नसून निरुपयोगी आहे. अंगठ्यावर जखमेमुळे पट्टा बसत नसेल तर शेजारच्या बोटावर. अंगठ्याचं प्रेशर ३० (मिलिमीटर पारा) च्या खाली असेल तर रक्त पोचवल्याशिवाय जखम भरायची आशा जवळपास नाही, आणि ५०-६० च्या वर असेल तर घाई नाही, आधी भार काढून ड्रेसिंग करून बघता येईल. दोन्ही पायांच्या शिरेची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, इको. हे कागद हातात घेऊन पहिल्या दोन डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, की तुमचं काम फसलं तर पुढे काय करता येईल. जो नीट उत्तर देईल त्याच्याकडे जा. माझा अंदाज, बाबांना फुगा मारावा लागेल, आणि अंगठ्याचं काळं टोक नंतर काढावं लागेल, पण पाऊल राहील. अंदाजच आहे, पाय बघितलेला नाही.

आणि आजपासून जखमेचा फोटो काढायला लागा, दर रविवारी, त्याच उजेडात, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून. अँजिओप्लास्टीनंतर चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नसेल तर वाट बघत बसू नका, ते चार फोटो घेऊन परत या.